नलू आता कुठवर आली

उकंडा नगराळे गेल्याची बातमी राजदीपच्या मोबाइलवर सकाळी सकाळी आली. तेव्हा त्याची आई कौसल्या अंगणात बसून तुरीच्या शेंगांचे दाणे काढत होती. राजदीपनं बातमी दोनदा वाचली, खात्री केली, आणि मग आईजवळ उकिडवा बसून हळूच म्हणाला, "माय, लेखकसाहेब गेले वं."

म्हातारीच्या हातातली शेंग हातातच राहिली. कधी गेले, कशानं गेले, काही विचारलं नाही तिनं. रडलीही नाही. लेकाकडे पाहत म्हणाली, "अन् नलू? नलू तं स्टॅण्डवरच उभी हाये न रे!"

"घ्या! झालं सुरू," राजदीप म्हणाला आणि कपाळावर हात मारून उठला.

आता परक्या माणसाला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलंबिरलं काही नव्हतं. कौसल्याबाई म्हणजे खणखणीत बाई. बाजारात भाजीवाल्याला घाम फोडील, ग्रामसभेत उभी राहून सरपंचाला दोन शब्द ऐकवील. तिची नलू सहाव्या वर्षीच गेली हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिच्याच मांडीवर गेली ना! पण नलू स्टॅण्डवर उभी आहे, हेही तितकंच खरं होतं. आणि तिला तिथं उभी करून ठेवणारा माणूसच निघून गेला होता. अशा वेळी आईच्या जिवाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा.

उकंडा नगराळे लेखक म्हणून पुढं महाराष्ट्रभर गाजले, पण पोट भरलं ते एस.टी.च्या कंडक्टरकीवर. बाभुळगावचे. यवतमाळ, बाभुळगाव, कळंब ह्याच रस्त्यांवर आयुष्य गेलं. गाडी कुठं मुक्कामी असली की ड्रायव्हर टपावर झोपायचा आणि हे आत मागच्या सीटवर बसून लिहायचे. लोक त्यांना मास्तर म्हणत. पुढं पुरस्कार आले, शाली आल्या, तरी फाट्यावरची माणसं मास्तरच म्हणत राहिली, आणि त्यांनाही तेच आवडायचं.

तर ते पावसाळ्याचे दिवस होते. सहा वर्षांच्या नलूला ताप चढला. आज उतरेल, उद्या उतरेल करता करता पोरगी बोलेनाशी झाली. नवरा दूर कामावर गेलेला. कौसल्यानं तिला गोधडीत गुंडाळलं आणि फाट्यावर येऊन उभी राहिली. गाडी आली ती उकंडा मास्तरांची, ड्रायव्हर अब्दुल गनी. गाडीत पाय ठेवायला जागा नाही. मास्तरांनी एका तालेवार माणसाला दंडाला धरून उठवलं, मायलेकींना बसवलं, आणि एक पुरं, एक अर्धं अशी दोन तिकिटं फाडली. मग त्यांचं लक्ष पोरीच्या तोंडाकडे गेलं. गर्दीतून वाट काढत ते पुढं गेले आणि गनीभाईंच्या कानाशी काही बोलले.

त्यानंतर ती गाडी कुठंच थांबली नाही. लोक ओरडले, शिव्या घातल्या, "माहा थांबा गेला, माहा थांबा गेला" म्हणून पत्रा बडवला. मास्तर दारात आडवे उभे. गनीभाईंनी गाडी स्टॅण्डवर नेलीच नाही, थेट यवतमाळच्या दवाखान्याच्या फाटकात घातली. पण नलू त्याच्या थोडं आधीच गेली होती. ती रोज रात्री आईच्या कानाची पाळी धरून झोपायची. त्या दिवशीही तिचा हात कानाशीच होता. तो कधी सुटला, हे कौसल्याला कळलंच नाही. मास्तरांना कळलं होतं. ते बोलले नाहीत. दवाखान्यापर्यंत त्या माउलीला त्यांनी आशेवर राहू दिलं.

एवढं झालं. माणसं येतात, हळहळतात, जातात. कौसल्याला वाटलं, मास्तरही विसरले असतील.

बऱ्याच वर्षांनी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मास्तर तिच्या दारात उभे. गावभर पोरंसोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत फिरत होती, कोणी खाऊ देई, कोणी नाणं. नलूलाही असा बैल हवा होता. पोरीच्या जातीला कायले बैल, म्हणून बापानं आणला नव्हता. मास्तरांच्या हातात मात्र बैल नव्हता, कागदांचा गठ्ठा होता. म्हणाले, "बाई, एक कादंबरी लिहिली. छापायच्या आधी तुमाले आयकवाव म्हनतो. तुम्ही नाही म्हनलं तं इथंच चुलीत टाकीन."

कौसल्याला वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली. राजदीप तेव्हा लहान, तिच्या पदराशी. मास्तर वाचत गेले आणि कौसल्याच्या अंगावर काटा उभा राहिला. तो पाऊस तोच, ती गर्दी तीच, तो दंडाला धरून उठवलेला माणूस, ती गोधडी, तो कानाशी धरलेला हात. देवा रे! ह्या माणसानं त्या दिवशी किती पाहिलं होतं! पोरीचं नावसुद्धा बदललं नव्हतं. ऐकता ऐकता गाडी दवाखान्याच्या फाटकाशी आली. कौसल्यानं दोन्ही हातांनी पदर तोंडाशी दाबला. पण कागदातल्या नलूनं डोळे उघडले. डॉक्टरांनी तिला उचललं, बाटली लावली, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी पेज मागायला लागली.

"खोटं लिवता?" कौसल्या उसळून उठली. "माही पोरगी मेली, अन् तुम्ही खोटं लिवता? लाज नाही वाटत?"

मास्तर खाली मान घालून बसले होते. तसेच म्हणाले, "माहं नाव उकंडा काहून हाये, माहीत हाये तुमाले?"

ते कोणाला माहीत नसतं! आधीची लेकरं दगावली की नव्या लेकराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं, कचऱ्यातून उचलून आणायचं आणि उकंडा म्हणायचं. म्हणजे मरणानं नाक मुरडावं आणि पुढं निघून जावं.

"माह्या माय‌नं मरणाले सांगितलं, का हा माहा पोरगा नोहे, कचरा हाये," मास्तर म्हणाले. "खोटंच बोलली न ते? अन् मी जगलो. बाई, मी खरं लिवून पाह्यलं. जेवढ्या खेपा लिवलं तेवढ्या खेपा फाडलं. माह्या हातून त्या पोरीले पुन्हा मारनं होत नाही."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. मग कौसल्या पुन्हा भिंतीला टेकून बसली, नाक पुसलं, आणि विचारलं, "मंग? दवाखान्यातून सुट्टी कवा भेटली तिले?"

त्या दिवसापासून हे सुरू झालं.

कौसल्यानं सांगितलेल्या नलूच्या बारीकसारीक सवयी मास्तरांनी कागदांत घातल्या, 'विनंती थांबा' ही कादंबरी छापून आली आणि बघता बघता घराघरात गेली. पुस्तकात नलू मोठी होते, शाळेत जाते, बारा वर्षांची झाल्यावर त्याच कंडक्टरकडून पहिलं पुरं तिकीट घेते, आणि तिथं पुस्तक संपतं. वाचणाऱ्यांचं तिथं संपलं. कौसल्याचं नाही. दरसाल तान्ह्या पोळ्याला मास्तर येत. कौसल्या चहा ठेवी, आणि मग दोघं जण नलूची विचारपूस करत बसत. नलू कुठवर आली? दहावी झाली. मंग? नर्सिंगला यवतमाळला राहिली. वसतिगृहातलं जेवण कसं? डाळ पातळ. मंग? कळंबला नोकरी लागली. एका साली तिचं तिथल्या डॉक्टरीणबाईशी वाजलं, तेव्हा कौसल्या वर्षभर त्या नसलेल्या डॉक्टरीणबाईवर डाफरत होती.

राजदीपच्या मात्र नाकी नऊ आले. कारण दहावीत नलूला पहिला वर्ग मिळाला आणि राजदीप गणितात आपटला. "बहिनीकडं पाह्य जरा!" असं आई म्हणाली, तेव्हा पोरगं रडकुंडीला येऊन ओरडलं, "अवं, ते हाये कुठं पाह्याले?" पण दुसऱ्या साली मास्तर आले तेव्हा पठ्ठ्या दाराआड उभा राहून ऐकत होता. त्यालाही कळायला हवंच होतं ना, नलूचं पुढं काय झालं ते.

आणि ढाणकीच्या पाहुण्याची गंमत सांगायची राहिली. एकदा एस.टी.त शेजारी बसलेल्या एका भल्या माणसाजवळ कौसल्या सहज बोलून गेली, की माझी लेक कळंबला नर्स आहे, स्वभावानं गरीब, पण खोटं खपवून घेत नाही. महिनाभरात तो गृहस्थ मुलाचा फोटो घेऊन घरी हजर! सोबत बायको, साळा, पेढ्यांचा पुडा. कौसल्याची काय फजिती झाली म्हणता! चहा दिला, पोहे दिले. शेवटी म्हणाली, "दादा, रागावू नोका. पोरगी आत्ताच लग्न कराले नाही म्हनते." पाहुणे बिचारे समजूतदार, पेढे ठेवून गेले. पुढच्या पोळ्याला मास्तरांना हे सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. डोळे पुसपुसून हसले. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पोरगा कसा व्हता पाह्याले?" नलूनं ते स्थळ नाकारलं ही गोष्ट पुढं त्यांनी मनाशी पक्की धरून ठेवली होती.

अशी वर्षं गेली. नलूच्या केसांत पांढरं आलं. मास्तर सेवानिवृत्त झाले, काठी घेऊन येऊ लागले. गेल्या तान्ह्या पोळ्याला तर गनीभाईंचा नातू त्यांना गाडीवर सोडून गेला. दम लागत होता. त्या दिवशी नलूची बदली झाली होती. सामान बांधून ती कळंबच्या स्टॅण्डवर आली. हातात पिशवी, खांद्याला पर्स, पायाशी पत्र्याची पेटी.

"मंग?" कौसल्यानं विचारलं.

मास्तर डोळे बारीक करून अंगणाकडे पाहत राहिले. "गाडी यायची हाये अजून," म्हणाले. "मले समोरचं दिसून नाही राह्यलं, बाई. येत्या साली पाहू." चहा अर्धाच पिऊन उठले.

येत्या सालाआधीच ते गेले. आणि नलू स्टॅण्डवर उभी.

तुम्ही म्हणाल, मनातल्या मनात बसवायची की गाडीत! कौसल्यानं तेही करून पाहिलं. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना, ती मनाशी म्हणायची, आली गाडी, बस वं माय. पण नलू जागची हलायची नाही. तिच्या तोंडाकडे पाहायला जावं, तर ते सहा वर्षांचं तापलेलं तोंड दिसायचं. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. म्हातारीला धडकी भरली. मास्तर नाहीत तर ही पोरगी पुन्हा त्या गोधडीत जाणार की काय! अन्न गोड लागेना तिला.

बाभुळगावला विहाराशेजारच्या सभागृहात मास्तरांची आदरांजली सभा ठेवल्याचं कळलं, तसं तिनं लेकाला सांगितलं, "मले घेऊन चाल. मास्तरच्या घरच्याइले विचारतो, जाता जाता त्याहिनं नलूचं काही सांगून ठेवलं का."

"माय, लोक हसतील वं."

"हसू दे. त्याहिची पोरगी नाही न उभी स्टॅण्डवर!"

राजदीपनं मोटारसायकल काढली.

सभागृहाच्या दाराशी अब्दुल गनी उभे होते. दाढी पांढरीशुभ्र, पाठ वाकलेली. कौसल्याला त्यांनी इतक्या वर्षांनी पाहिलं आणि क्षणात ओळखलं. "जयभीम, बाई," एवढंच म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेले. गर्दी म्हणजे अशी, की थेट त्या दिवशीच्या गाडीचीच आठवण व्हावी. गनीभाईंनी पुढच्या रांगेतल्या कोणाला तरी उठवून तिला जागा करून दिली.

समोर मास्तरांचा फोटो, हार, पेटलेल्या मेणबत्त्या. त्रिशरण पंचशील झालं. फोटोशेजारी पांढऱ्या लुगड्यात मास्तरांची बायको विमलताई बसली होती, हात मांडीवर, नजर खाली. मग माणसं उठून बोलू लागली, आणि कौसल्या थक्क झाली.

तिला वाटलं होतं, मोठमोठी माणसं येणार, मोठमोठं बोलणार, आपल्याला कशाला कळतंय! पण ही माणसं तर नलूचं बोलत होती. कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ उठले, नलूच्या पहिल्या पुऱ्या तिकिटापाशी आले आणि अडले. चष्मा काढून पुसत उभे राहिले, तसेच खाली बसले. वणीहून आलेला एक शेतकरी म्हणाला, वीज कडाडली की आम्ही घरात म्हणतो, नलू घाबरली असंल. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन उभी राहिली. म्हणाली, माझी पोरगी कानाची पाळी धरून झोपते, रोज तेव्हा मला नलू आठवते.

कौसल्याचा हात आपसूक कानाशी गेला. अगं बाई! ही पाळी धरण्याची गोष्ट तिनं एका मास्तरांशिवाय जगात कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. आणि इथं सभागृहभर माणसं ती जाणून होती. वीज कडाडली की नलू उतरंडीमागं लपायची, भाजलेले चिंचोके फ्रॉकच्या खिशात ठेवायची, सगळं, सगळं माहीत होतं त्यांना. पोरीला माती दिली तेव्हा गावातली चार माणसं होती. आणि आज पाहावं तिकडं तिला ओळखणारी माणसं! एकट्या माणसानं, मुक्कामी गाडीत मागच्या सीटवर बसून, हे केलं तरी कसं? केवढा मोठा माणूस आपल्या घरी बसून फुटक्या कपात चहा पीत होता, हे कौसल्याला त्या घडीला कळलं. तिनं बसल्या जागेवरून फोटोला हात जोडले.

शेवटी एक नर्स उठली. पोशाखातच आली होती, ड्यूटीवरून तशीच. नाव सांगितलं, वैष्णवी. "मी पुस्तक वाचून नर्स झाले," ती म्हणाली. "पुस्तकात नलू नर्स होते असं कुठं नाही. पण दवाखान्यात बरी झालेली पोरगी मोठेपणी दुसरं काय होणार, असं मला वाटलं."

कौसल्या दचकली. राजदीपही. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात गनीभाई काठी टेकत माइकपाशी गेले. "मास्तरनं मले बोलू नोको म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "मी आजवर बोललो नाही. पण आता ते नाहीत. नलूची माय इथं बसून हाये. पुढच्या रांगेत. पाहून घ्या."

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कौसल्याला कुठं पाहावं कळेना. वैष्णवी धावत तिच्यापाशी आली, पाया पडली, आणि आनंदानं रडत म्हणाली, "आई! म्हणजे नलूताई खरंच आहेत? कुठं असतात? आज आल्या नाहीत?"

ह्या सगळ्यांना वाटत होतं, पोरगी वाचली. हो म्हणावं तर मास्तरांच्या फोटोसमोर उभं राहून खोटं. नाही म्हणावं तर सभागृहभर माणसांच्या हातून पोरगी हिसकून घ्यायची. कौसल्यानं राजदीपकडे पाहिलं. राजदीपनं मान खाली घातली.

"बाई," ती वैष्णवीला म्हणाली, आणि माइक नसतानाही तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "माही नलू गेली. सहा वर्साचीच व्हती. मास्तरच्याच गाडीत गेली, माह्या मांडीवर. गाडी कुठीच थांबू नाही देल्ली त्याहिनं, तरी गेली."

वैष्णवीनं तोंडावर हात घेतला. मागं कोणीतरी हुंदका दिला. ते कॉलेजातले गृहस्थ उभ्याचे बसले.

"पन मास्तरनं तिले मरू नाही देल्लं," कौसल्या म्हणाली. "दरसाल तान्ह्या पोळ्याले येऊन सांगत, नलू कुठवर आली ते. नर्स झाली ते. तुले कसं काय समजलं पोरी, मले माहीत नाही, पन झाली ते नर्स." मग ती विमलताईंकडे वळली आणि ज्यासाठी एवढी आली होती ते विचारलं. "वहिनी, गेल्या साली त्याहिनं नलूले कळंबच्या स्टॅण्डवर उभी केली, अन् गेले. ते उभीच हाये. मले हलवता नाही येत तिले. काही सांगून गेले का हो, तिचं समोर काय झालं?"

विमलताईंनी मान वर केली. रडून रडून सुजलेले डोळे, पण त्यांत नवल होतं. "मले काय सांगतील?" त्या म्हणाल्या. "कौसल्याबाई, ते तं तुमच्या घरून आले का म्हनत, आज बाईनं मले नलूचं समोरचं सांगितलं. डाळ पातळ व्हती म्हने. डॉक्टरीणबाईशी वाजलं म्हने. ढाणकीच्या पोराले नाही म्हनली म्हने. मले वाटे, ते आयकालेच जातात तुमच्या इथं."

कौसल्या उभी राहिली ती उभीच. तिच्या डोळ्यांपुढून एकेक पोळा सरकला. चहाचा कप खाली ठेवून, "मंग, काय म्हनते नलू?" असं आधी कोण विचारायचं? मास्तर. डाळ पातळ कोण म्हणालं होतं? तीच. ढाणकीच्या पाहुण्यांना परतवलं कोणी? तिनंच. मास्तर एक बोलायचे आणि थांबायचे, तिच्या तोंडाकडे पाहत राहायचे, ती बोलून जाईपर्यंत. तिला वाटायचं, दम खाऊन राहिले. आणि एवढा मोठा लेखक तिच्याकडून ऐकून जायचा! गेल्या सालीही ते असेच थांबले होते. अंगणाकडे पाहत, चहा हातात धरून. ती मात्र त्या साली काही बोलली नव्हती. त्यांचा दम पाहून तिचा जीव घाबरला होता.

विमलताई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा न, बाई."

कौसल्यानं घसा खाकरला. फोटोकडे एकदा पाहिलं. मग जशी घरी भिंतीला टेकून बोलायची तशी, घाई न करता, बोलू लागली.

"गाडी आली," ती म्हणाली. "उशिरानंच आली, पन आली. लोकाइची ही झुंबड! नलूनं पेटी उचलली अन् चढली. खिडकीची जागा भेटली तिले. पेटी सीटखाली सरकवली. मंग तिकिटाले कंडक्टर आला. खाकी कपडे, खांद्याले कातड्याची बॅग, केस काळेभोर. दम गिम काहीच नाही त्याले. तिच्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हने, आता बायाइले अर्धंच तिकीट हाये सरकारचं, अर्धं देऊ? तं नलू म्हने, नाही मास्तर, माहं पुरं फाडा."

गनीभाई माइकला धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

"मास्तरनं पुरं फाडलं," कौसल्या म्हणाली. "खुश झाले. अन् डबल बेल देल्ली. निंगाली गाडी."

ती थांबली. नलू दिसत होती तिला, खिडकीशी बसलेली, केसांत पांढरं आलेली, वाऱ्यानं डोळे बारीक केलेली. गोधडी कुठंही नव्हती. कौसल्याला वाटलं, झालं, पोचलं सगळं. ती खाली बसू लागली.

"कौसल्याबाई," विमलताई पुढं झुकून म्हणाल्या. "ते उभेच व्हते का हो? सारी जिंदगी उभे राह्यले गाडीत. घरी आले का पाय दाबून देई मी."

सगळं सभागृह कौसल्याकडे पाहू लागलं. राजदीपही.

"नाही, वहिनी," कौसल्या म्हणाली. "नलू सरकली न. बाजूले बसवलं त्याहिले."